दुप्पट विटेला आठ विटा

नववीच्या भूमितीच्या पुस्तकात पृष्ठफळ आणि घनफळाचं प्रकरण अगदी शेवटी आहे. शेवटी असल्यामुळे ते परीक्षेच्या तोंडावर घाईघाईत उरकलं जातं. मी ते दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच घेते. यात माझं काही शहाणपण नाही. वर्षाच्या शेवटी आमच्या आश्रमशाळेत कधी स्नेहसंमेलन असतं, कधी तपासणी, कधी गोवराची साथ. दोन वर्षं ते प्रकरण अर्धवट राहिलं, म्हणून तिसऱ्या वर्षी मी ते पुढे ओढलं.

शाळा मोखाडा तालुक्यात आहे. मी तिथे गणित आणि विज्ञान शिकवते. माझं माहेर जव्हारकडचं, दाभोशाच्या बाजूचं. घरी भातशेती. आमच्या घरची बोली एक, मुलांच्या घरची दुसरी आणि पुस्तकातलं मराठी तिसरं. त्यामुळे वर्गात पहिली दहा मिनिटं शब्दांतच जातात. ‘इष्टिकाचिती’ हा शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरून हसू ऐकू येतं. मी सांगते, इष्टिका म्हणजे वीट. मग हसू थांबतं, कारण वीट सगळ्यांना माहीत असते. पावसाळा संपला, भात झोडून झालं की आमच्याकडची निम्मी घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात.

लांबी दुप्पट केली तर पृष्ठफळ चौपट होतं आणि घनफळ आठपट. तिप्पट केली तर नऊपट आणि सत्तावीसपट. हे मला बी.एड.च्या आधीपासून पाठ होतं. पाठ होतं एवढंच म्हणते. मी मुलांना विचारायची, “घनाची कड दुप्पट केली तर घनफळ किती पट होईल?” वर्ग एका सुरात सांगायचा, “दुप्पट.” मग मी फळ्यावर दोन गुणिले दोन गुणिले दोन लिहून दाखवायची, मुलं ते वहीत उतरवून घ्यायची, आणि चाचणीत पुन्हा दुप्पटच लिहायची. दुप्पट हा शब्द एकदा कानात शिरला की मागून येणाऱ्या कशालाच जागा देत नाही.

त्या वर्षी मुलींच्या न्हाणीघरांचं काम निघालं होतं. वर्गाच्या मागे विटांचा ढीग पडलेला होता आणि गवंडी दोन दिवसांपासून आला नव्हता. मी वर्ग बाहेर नेला. एक वीट उचलली आणि म्हटलं, “मला हिच्या दुप्पट वीट पाहिजे. लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, उंची दुप्पट. अशा किती विटा लागतील?”

“दोन,” बरेच जण म्हणाले. एकाने चार म्हटलं.

“आठ, मॅडम.”

आवाज ढिगाच्या पलीकडून आला. ती मुलगी वर्गात सर्वात मोठी होती, वयाने आणि उंचीनेही. आईबाप भट्टीवर जायचे तेव्हा धाकट्या भावंडाला सांभाळायला तिलाही सोबत नेत, म्हणून मधली तीन-चार वर्षं तिची शाळा निम्मीच झाली होती. सातवीपासून ती आमच्या वसतिगृहात होती. वर्गात सहसा बोलत नसे. वाचताना अडखळायची आणि अडखळली की पुस्तक मिटून घ्यायची.

“कशा आठ?” मी विचारलं.

“लावून दाखवू?”

तिने दोन विटा टोकाला टोक लावून ठेवल्या. त्यांच्या शेजारी आणखी दोन. मग त्या चारांवर चार. हात झाडून ती बाजूला झाली.

“तू आधी मोजलं होतंस का?”

“मोजलं नाय. दिसतं ना.”

मुलं त्या चौथऱ्याभोवती गोळा झाली. एकाने वाकून लांबी मोजली, दुसऱ्याने उंची. दुप्पटच होती. मी म्हटलं, “आता तिप्पट.” हे तिलाही लगेच सांगता आलं नाही. पण आता सगळ्यांचे हात चालू झाले होते. एका थरात नऊ विटा बसल्या, तीन थर झाले. सत्तावीस. पहिल्यांदाच असं झालं की तो आकडा मी सांगितला नाही, वर्गाने मला सांगितला. एका मुलाच्या लक्षात आलं की अगदी मधली वीट कोणत्याच बाजूने दिसत नाही. ती आहे हे फक्त ठेवणाऱ्यालाच माहीत.

दुसऱ्या दिवशी गवंडी यायच्या आत मी पुन्हा वर्ग बाहेर नेला. आज पृष्ठफळ. कागद चिकटवून मोजायचा बेत होता, पण कागद पुरेना. मग खडू घेतले. आठ विटांची दुप्पट वीट रचायची आणि तिचा जेवढा भाग बाहेर राहतो तेवढ्यावर खडू ओढायचा. तळाची बाजूही बाहेरचीच, म्हणून खालच्या चार विटांच्या बुडाला आधीच खडू लावून घेतला. मग चौथरा मोडला आणि एकेक वीट फिरवून पाहिली. प्रत्येक विटेच्या तीन बाजूंना खडू होता, तीन बाजू कोऱ्या होत्या. आठही विटांचं तेच.

“म्हणजे काय झालं?” मी विचारलं.

मी सांगणार तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, “निम्मी अंगं आत लपली.”

आठाच्या निम्मे चार, म्हणून पृष्ठफळ चौपट. मग कुणी विचारलं नसतानाच तिने सांगायला सुरुवात केली. भट्टीवर थापलेली वीट आधी आडवी वाळवतात. जरा घट्ट झाली की उभ्या करून रांगा लावतात, पण दोन विटांच्या मध्ये बोट जाईल एवढी फट ठेवतात. चिकटवून ठेवल्या तर आतून ओल्या राहतात आणि भट्टीत फुटतात. तिने एकदा चिकटवून ठेवल्या होत्या, तेव्हा बापाने पाठीत धपाटा घातला होता. आणि भाजून झाल्यावर भट्टी बाहेरून थंड लागते, पण लगेच उघडायची नसते. मधली वीट कितीतरी दिवस हात लावू देत नाही.

मी सुटी वीट आणि रचलेल्या विटा दोन्हींकडे बघत उभी होते. विज्ञान मीच शिकवते. उष्णता पृष्ठभागातून बाहेर जाते हे मी दर वर्षी सांगते. पण ते विज्ञानाच्या तासाला. आणि आठपट, चौपट हे गणिताच्या तासाला. दोन्ही एकाच फळ्यावर आले नव्हते.

म्हणून तिसऱ्या दिवशी प्रयोग केला. प्रयोगशाळेतून दोन चंचुपात्रं घेतली, एक लहान, एक मोठं. स्वयंपाकघरातून गरम पाणी आणलं. दोन्हींत ओतलं, दोन्हींत तापमापी सोडली. थंडीचे दिवस होते, खिडक्यांना काचा निम्म्याच. पाच-पाच मिनिटांनी मुलं आकडे वाचून फळ्यावर लिहीत होती. तास संपेपर्यंत लहान पात्रातलं पाणी कोमट झालं होतं, मोठ्यातलं अजून चटका देत होतं. मी वर्गाला लिहून दिलं: वस्तू जितकी लहान, तितकं तिच्या आतल्या भागाच्या मानाने बाहेरचं अंग जास्त, म्हणून ती लवकर निवते. मुलांनी उतरवून घेतलं. घंटा झाली. सगळी जेवायला पळाली.

ती मुलगी दारात थांबली होती.

“मॅडम, बाळाचं पण असंच असतं का?”

“कुठल्या बाळाचं?”

“आमच्या घरचं. भावाचं. घरीच झालं, जीप मिळायच्या आधी. परवा आई बाजाराला जाताना मला भेटून गेली. म्हणाली, लहानसंच हाय. पाय थंडच लागतात आणि दूध ओढत नाय.”

“किती दिवसांचं आहे?”

“आज सहावा.”

मी फळ्याकडे वळले. तिला सांगण्यासाठी नाही, मला स्वतःलाच बघायचं होतं. बाळाची लांबी आईच्या उंचीच्या साधारण तिसरा हिस्सा धरली. मग कातडी नवव्या हिश्श्याची आणि वजन सत्ताविसाव्या. म्हणजे वजनाच्या मानाने त्या बाळाला आईच्या तिप्पट कातडी. आईची एका वाटेने ऊब जात असेल तर बाळाची तीन वाटांनी. आणि हे बाळ तर नेहमीच्या बाळाहूनही लहान. मी खडू खाली ठेवला. मला स्वतःला एक मूल आहे. त्याला मी कुंची घालत होते, दुपट्यात गुंडाळत होते. का, हे मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, थंडी लागते म्हणून.

मी लहान होते तेव्हा वावर-वांगणीकडच्या कुपोषणाच्या बालमृत्यूंमुळे आमच्या रस्त्यावर सरकारी आणि पत्रकारांच्या खूप गाड्या यायला लागल्या होत्या. आम्ही मुलं उभी राहून गाड्या बघायचो. मोठी माणसं आत बसून हळू बोलायची. एवढंच मला आठवतं. पुढे शिकून मी नोकरीला लागले, आणि लहान वजनाची मुलं हा विषय अंगणवाडीचा, दवाखान्याचा झाला. माझा तो विषय नव्हता.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मुलीला पालकांच्या सहीशिवाय सोडता येत नाही.” वसतिगृहाच्या अधीक्षिका शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मॅडम सोबत जात असतील तर मी रजिस्टरला त्यांची सही घेते.” मी सही केली. दुपारचे माझे दोन तास होते, ते दुसऱ्या सरांनी घेतले. माझ्या स्कूटीवर आम्ही दोघी निघालो. रस्ता पाड्याच्या अलीकडेच संपतो, पुढचं चालत.

घर कुडाचं, स्वच्छ सारवलेलं. अंगणात नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं वाळत घातलेली. मुलीची आई कणसं उलटत होती. मला बघून तिने आधी मुलीकडे पाहिलं. काही भानगड करून आली की काय, असं तिला वाटलं असावं.

“काही नाही मावशी,” मी म्हटलं. “बाळ बघायला आले.”

आत मुलीची वहिनी भिंतीला टेकून बसली होती. ती माझ्या विद्यार्थिनीपेक्षा फार तर तीन-चार वर्षांनी मोठी असेल. बाळ तिच्याजवळ नव्हतं. आढ्याला बांधलेल्या झोळीत, लुगड्याच्या घडीत होतं. मी हात आत घातला. पाय गार होते. पोटावर हात ठेवला, तेही हवं तेवढं गरम लागलं नाही. बाळ रडलं नाही. डोळे मिटूनच राहिलं. मला ते न रडणं आवडलं नाही.

“आंघोळ घातली का आज?”

“रोज घालतो,” मुलीची आई म्हणाली. “कढत पाण्याने. चोळून.”

“आरोग्याच्या आशाताई येऊन गेल्या का?”

“दोनदा आली. वजन केलं. दवाखान्यात चला म्हणाली.” तिने कणसाचा भुसा हातावरून झाडला. “मुलगा वसईला कामावर हाय. तो आल्यावर बघू.”

मग वहिनी पहिल्यांदा बोलली, खाली बघतच. आधीचं एक बाळ होतं. त्याला दवाखान्यात नेलं होतं, ते परत आलं नाही. कुठे नेलं होतं, काय झालं होतं, हे मी विचारलं नाही. मला जे बोलायचं होतं ते सगळं पुस्तकातल्या भाषेत तयार होतं, आणि ते त्या घरात कसं बोलायचं ते मला सुचेना.

बोलली ती मुलगी. आईशी ती घरच्या बोलीत बोलली. मला ती कळते, बोलता येत नाही, म्हणून इथे माझ्या मराठीत लिहिते.

“आई, भट्टी उघडल्यावर एक वीट बाहेर काढून ठेवली तर किती वेळात थंड होते?”

“काय विचारते ही?” आई माझ्याकडे बघून म्हणाली.

“सांग ना. किती वेळात?”

“होते लगेच. घटकाभरात.”

“आणि भट्टीत, मध्ये असते ती?”

“ती चार दिवस होत नाय.”

“वीट तीच. माती तीच. मग का?”

आई विचार करत होती. तिने आयुष्यातले किती हिवाळे विटा थापल्या असतील कोण जाणे. “मधलीला बाजूच्या विटा धरून असतात,” ती म्हणाली. “सुटीला सगळीकडून वारा.”

“हे बाळ सुटी वीट हाय,” मुलगी म्हणाली. “अंग एवढंसं, आणि सगळीकडून वारा. झोळीत खालूनपण. रोज आंघोळ घालते, मग आणखीच थंड होतं. आपण मोठे, आपली ऊब आत राहते. याची नाय राहत. म्हणून दूध ओढायला जोर नाय त्याला.”

आईने झोळीकडे पाहिलं. मग विचारलं, “मग चुलीजवळ ठेवायचं?”

“चुलीजवळ धूर,” मी म्हटलं. “आईच्या अंगाला लावून ठेवायचं. मध्ये कपडा नको.”

सासूने सुनेकडे पाहिलं आणि मान हलवली. मुलीने दार लोटून घेतलं. वहिनीने पोलक्याच्या गुंड्या सोडल्या, आम्ही बाळाला तिच्या छातीवर उभं धरून ठेवलं आणि वरून लुगडं आणि शाल गुंडाळली. माझ्याकडे कानाला बांधायचा रुमाल होता, तो बाळाच्या डोक्याला बांधला. मुलगी आशाताईला आणायला पळाली. त्या शेजारच्याच पाड्यावर राहतात.

आशाताई आल्या त्या थर्मामीटर आणि वजनाची झोळी घेऊन. दमलेल्या दिसत होत्या. वजन केलं तर पावणेदोन किलो. जन्माच्या दिवशीपेक्षा थोडं कमीच. ताप मोजतात तसं काखेत मोजलं आणि मला आकडा दाखवला. कमी होता.

“मी दोनदा सांगून गेले,” त्या म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या.

“सांगितलंस,” सासू म्हणाली. “पण का ते नाय सांगितलंस. नुसतं चला, चला.”

मग टेकाडावर जाऊन आशाताईंनी फोन लावला, कारण घराजवळ रेंज येत नाही. रुग्णवाहिका दुसऱ्या बाईला घेऊन गेली होती, यायला तास-दीड तास लागेल म्हणाले. मोखाड्याला जाणारी जीप रस्त्याच्या टोकाला उभी असायची वेळ होती. आम्ही जीपनेच जायचं ठरवलं, आशाताईही सोबत. सासूने नागलीची कणसं तशीच अंगणात टाकली, शेजारणीला हाक मारून सांगितलं आणि आमच्याबरोबर निघाली. सून बाळाला दवाखान्यात नेऊ देईल की नाही याची मला काळजी होती. ती सर्वात आधी उठली होती.

जीपमध्ये अकरा-बारा माणसं होती. ड्रायव्हरने मागच्या सीटवरची दोन उठवून पुढे घेतली. वहिनी मधोमध बसली, एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला नणंद. जीपचा मागचा पडदा फडफडत होता. एका म्हाताऱ्या माणसाने कुणी न सांगता तो हाताने धरून ठेवला आणि मोखाड्यापर्यंत सोडला नाही. मी स्कूटीवर मागून येत होते. थंडीने माझी बोटं आखडली होती. वाटेत मी एकदाही जीप ओलांडली नाही.

मोखाड्याला नर्सने शाल बाजूला केली, तापमान घेतलं. घरी मोजलं होतं त्यापेक्षा वर आलं होतं. अजून पुरेसं नव्हतं, पण वर आलं होतं. “असंच आणलंत ना छातीला लावून?” तिने विचारलं. “बरं केलंत. काढू नका अजून.” डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, जव्हारला पाठवतो, तिथे लहान बाळांसाठी वेगळी सोय आहे. ऊन उतरायच्या आत गाडी निघाली. सासू-सून तीत बसल्या. सासूने निघताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि नागली गोळा करून ठेवायचा निरोप शेजारणीला द्यायला सांगितला. तो निरोप आशाताईंनी नेला.

आम्ही दोघी शाळेत परत आलो. वाटेत मी तिला विचारलं, “विटेचं कसं सुचलं तुला?”

“आईला तेच माहीत हाय,” ती म्हणाली.

त्या नर्सला, आशाताईंना, डॉक्टरांना जे माहीत होतं त्यात आम्ही काही भर घातली नव्हती. बाळाला उबेत ठेवा हे त्या घरात आधीच सांगून झालं होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे शाळेत ही गोष्ट फिरली तेव्हा ती अशी फिरली की गणिताने बाळ वाचलं. गणिताने वाचलं नाही. जव्हारच्या लोकांनी त्याला पंधरा-वीस दिवस सांभाळलं, नळीने दूध पाजलं, आईला रोज तासन्‌तास छातीशी धरून बसवलं. आम्ही एका बाईला तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, एवढंच. उत्तरही मी दिलं नव्हतं.

बाळ वजन घेऊन घरी आलं. बाप वसईहून येऊन गेला. सासूने आंघोळ महिनाभर बंद ठेवली, नुसतं ओल्या कपड्याने पुसायची, आणि पाड्यावर दुसऱ्या घरी बाळंतपण झालं तेव्हा तिथे जाऊन तेच सांगून आली, असं आशाताईंनी मला नंतर सांगितलं.

महिनाअखेरीला मी त्या प्रकरणाची चाचणी घेतली. वीस मार्कांची. त्या मुलीला सात पडले. तिला π ची किंमत घालून गुणाकार करता येत नव्हते. दशांशचिन्ह कुठेही जाऊन बसायचं. सेंटिमीटरचे मीटर करताना तिने शंभराने गुणलं होतं. दंडगोलाचं उदाहरण अर्ध्यात सोडून दिलं होतं. घनाची कड तिप्पट केल्यास घनफळ किती पट होईल, या प्रश्नाला तिने नुसतं ‘२७’ लिहिलं होतं. रीत नव्हती. त्या प्रश्नाला दोन मार्क होते. मी एक दिला.

तो एक मार्क मी कापला याबद्दल मी बरेच दिवस विचार केला. बोर्डाच्या परीक्षेत पेपर तपासणारा ढिगाजवळ उभा नसतो, त्याला रीत लागते, म्हणून कापणं बरोबर होतं. पण ती पेपर घेऊन माझ्याकडे आली नाही, भांडली नाही, तो घडी करून वहीत ठेवला आणि जागेवर जाऊन बसली, ते मला लागलं. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, “जेवण झाल्यावर अर्धा तास येत जा.”

“कशाला?”

“दशांश अपूर्णांक.”

ती आली. पहिले काही दिवस कंटाळली. तिला वाटायचं, जे डोळ्यांना दिसतं ते पुन्हा लिहायचं कशाला. मी तिला सांगितलं, तुला दिसतं, पण समोरच्याला दिसत नाही, रीत त्याच्यासाठी असते. हे तिला पटलं की नाही माहीत नाही, पण ती लिहायला लागली. तिच्या रीती लांबलचक असायच्या. दोन ओळींचं उदाहरण ती सात ओळींत सोडवायची, एकही पायरी न गाळता. मी थांबवलं नाही.

दहावीला तिला गणितात बेचाळीस मिळाले. घरच्यांना ते पुष्कळ वाटले, तिलाही. मला थोडे कमी वाटले. विज्ञान शाखेला घालावं असं माझ्या मनात होतं, तिने कला शाखा घेतली आणि जव्हारला वसतिगृहात राहिली. ही नर्स होईल असं आमच्या शाळेतल्या सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, पोलीस भरतीचा फॉर्म भरणार. रोज सकाळी धावते. उंचीत बसते, छाती मुलींची मोजत नाहीत, धावण्याचं बघायचं.

न्हाणीघरं बांधून झाली. आता मी दर वर्षी त्या प्रकरणाआधी गावात कुठे बांधकाम निघालंय का ते बघून ठेवते आणि सत्तावीस विटा मागून आणते. अजूनही वर्ग पहिल्यांदा दोनच म्हणतो. आठ म्हणणारं कुणीतरी दर वर्षी निघतंच असं नाही. नाही निघालं तर आम्ही रचून बघतो, त्याला जास्त वेळ लागतो.

गेल्या हिवाळ्यात मोखाड्याच्या बाजारात मला ती वहिनी भेटली. मी सुकट घेत होते. तिने मला आधी ओळखलं. कडेवर तोच पोरगा होता, हातात काकडीचा तुकडा, सगळं तोंड ओलं. मी विचारलं, कसं चाललंय. ती म्हणाली, बरं हाय, सासू माहेरी गेलीय, नवरा यंदा भट्टीवर गेला नाही, रस्त्याच्या कामावर आहे. मग पोराला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, “लय जड झालाय हा. घ्या जरा, बाई, मला पिशवी बांधू द्या.”

मी त्याला घेतलं. तो खरोखरच जड होता. त्याने माझ्या चष्म्याकडे एकदा पाहिलं आणि भोकाड पसरलं. तिने घाईघाईने पिशवीला गाठ मारली, त्याला परत घेतलं आणि बांगड्यांच्या दुकानाकडे गेली. मला पाचची जीप पकडायची होती.